‘अनलिमिटेड कॉइन’वाला रेस्टॉरंट गेम टाकल्यावर गेम अडला किंवा फोन बिघडला तर तपासणी कुठून सुरू करायची

शाळांना सुट्टी लागली की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच दुखण्याचे फोन यायला लागतात. फोन आईचा किंवा आजोबांचा, गेम मुलांचा. गिऱ्हाइकाचा धीर सुटायच्या आत बर्गर, पिझ्झा, डोसा बनवून वाढायचा, पैसे गोळा करायचे, त्यातून नवा ओव्हन घ्यायचा, अशा धाटणीचा हा गेम. प्ले स्टोअर सोडून कुठल्या तरी साइटवरून ‘अनलिमिटेड कॉइन, अनलिमिटेड जेम’ म्हणून उतरवलेला. बिघाड जवळपास ठरलेले असतात आणि बरेचसे घरीच, एक पैसा न घालवता निस्तरता येतात. काही मात्र घरी हात लावू नयेत असे असतात. कोणते ते पुढे स्पष्ट सांगतो.

लक्षणं

आधी तुमची तक्रार खालच्यापैकी कोणत्या गटात बसते ते ओळखा. निम्मं काम तिथेच होतं.

गेम बसतच नाही:
- ‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’ एवढाच संदेश येतो, कारण दिसत नाही.
- ‘पॅकेज पार्स करताना समस्या आली’ असं दिसतं.
- इन्स्टॉल होतो, पण उघडताक्षणी बंद पडतो किंवा काळ्या पडद्यावर अडकतो.

गेम उघडतो, पण नीट चालत नाही:
- वर नऊ-नऊ आकडी कॉइन दिसतात, पण काही विकत घ्यायला गेलं की चक्र फिरत राहतं.
- बंद करून उघडलं की जुनीच रक्कम परत दिसते.
- कॉइनचा आकडा अचानक उणे होतो.
- गुगल किंवा फेसबुकने लॉग-इन होत नाही, जुने लेव्हल दिसत नाहीत.
- ‘अपडेट करा’ अशी पाटी येते आणि पुढे जाताच येत नाही.

फोनच बिघडतो:
- गेम बंद असतानाही पूर्ण पडदाभर जाहिराती येतात, कधी लॉक स्क्रीनवरसुद्धा.
- ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत’ अशा सूचना सारख्या येतात.
- बॅटरी आणि डेटा भराभर संपतो, फोन खिशात गरम होतो.
- व्हॉट्सॲप तारीख चुकीची असल्याचं सांगतं.
- ओटीपी येऊन गेल्याचं कळत नाही किंवा न केलेल्या व्यवहाराचा संदेश येतो.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही वाचत बसू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद झालं का ते बघा आणि सरळ ‘इथे थांबा’ या भागाकडे जा.

मुळात होतं काय

हे समजलं की पुढच्या बहुतेक तपासण्या आपोआप लक्षात येतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

या प्रकारच्या गेमची ओळख जगाला ठळकपणे झाली ती २००३ सालच्या ‘डायनर डॅश’ने. तो गेम एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा. मोबाइलवर गेम फुकट झाले आणि उत्पन्न आलं ते गेमच्या आत खऱ्या पैशांत विकल्या जाणाऱ्या जेममधून, म्हणजे कॉइनहून वेगळ्या, महागड्या नाण्यांतून. लिथुएनियाच्या नॉर्डकरंटचा ‘कुकिंग फीवर’ २०१४चा. आपल्या शेजारच्या उडुपीतल्या ९९गेम्सचा ‘स्टार शेफ’ आणि बेंगळुरूच्या न्यूकबॉक्सचा ‘फूड ट्रक शेफ’ हेही फुकट उतरवता येणारे गेम. कॉइन खेळून मिळतात, जेम मात्र हळूहळू जमतात आणि चांगली यंत्रं बहुतेक वेळा जेमवर असतात. मुलं तिथे अडतात आणि मॉड, म्हणजे भलत्याच कोणी आतून बदललेला गेम, शोधायला लागतात.

मॉड करणारा माणूस मूळ एपीके फाइल, म्हणजे ज्या फाइलमधून अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल होतं ती, उघडतो, आतला काही भाग बदलतो आणि पुन्हा बांधतो. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. फाइल उघडून बदलली की ती सही मोडते आणि मॉड करणाऱ्याला स्वतःची सही करावी लागते. मिठाईच्या खोक्याचं सील फोडून कोणी दुसरंच सील लावावं तसं हे आहे. आत नावाप्रमाणे पेढे असतीलही, पण आणखी काय घातलंय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. इन्स्टॉल न होणं, लॉग-इन न होणं, अपडेट न होणं या तिन्ही तक्रारी या बदललेल्या सहीपाशी येऊन थांबतात.

हेही सांगायला हवं की मॉड चालवणं हा गेमच्या अटींचा भंग आहे आणि त्यासाठी खातं बंद केलं गेलं तर दाद मागायला जागा उरत नाही. माझं मत तर असं की ज्या फोनवर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप आहे त्यावर मॉड मुळीच ठेवू नये. तरी फोन बिघडलेला आहे आणि तो नीट करायचा आहे, म्हणून आता तपासण्या.

१. फोनचं घड्याळ

सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात आधी. रोजचं बक्षीस किंवा संपलेले जीव लवकर मिळावेत म्हणून मुलं फोनची तारीख पुढे नेतात. गेममध्ये ते कधी चालतं, कधी नाही. पण तारीख चुकीची राहिली की व्हॉट्सॲप तक्रार करतं आणि बऱ्याच वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, कारण साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत फोन आपल्या तारखेशी ताडून बघतो. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ ‘आपोआप’वर ठेवा. ‘फोनला व्हायरस लागला’ म्हणून आलेली तक्रार एवढ्यावरच मिटल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय.

२. फाइलचा आकार आणि फोनमधली जागा

फाइल्स ॲपमध्ये डाउनलोडचं फोल्डर उघडा आणि गेमच्या फाइलचा आकार बघा. मग प्ले स्टोअरवर मूळ गेमच्या माहितीत त्याचा आकार बघा. मूळ गेम शंभर-दीडशे एमबीचा आणि तुमची फाइल चार-पाच एमबीची असेल तर तो गेम नाहीच. मॉडच्या साइटवर ‘डाउनलोड’ लिहिलेली अनेक बटणं असतात आणि त्यातली बरीचशी जाहिराती असतात. चुकीचं बटण दाबलं की भलतंच ॲप उतरतं. अशी फाइल न उघडता डिलीट करा. उघडून इन्स्टॉल झालीच असेल तर मूळ गेमचा विषय सोडा आणि सहाव्या तपासणीकडे वळा.

आकार ठीक असूनही ‘पार्स’ची अडचण, म्हणजे फोनला फाइल वाचता न येणं, येत असेल तर बहुधा डाउनलोड मधेच तुटलेलं असतं. जागाही बघा. इन्स्टॉल करताना फाइल उलगडते, त्यामुळे तिच्या दोन-तीन पट जागा मोकळी लागते. आजोबांच्या फोनमध्ये सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ भरलेले असतात, तिथे पहिली अडचण हीच निघते.

३. मूळ गेम आधीपासून आहे का?

‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’चं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात नेहमीचं कारण हे. त्याच नावाचं ॲप आधीच असेल आणि नव्या फाइलवरची सही वेगळी असेल, तर अँड्रॉइड ती फाइल वर चढवू देत नाही. तुमच्या बँकेच्या ॲपवर कोणी नकली ॲप चढवू नये म्हणून असलेली ही व्यवस्था आहे. ती बिघडलेली नाही, तिचं काम चोख करते आहे.

इथे घाई करू नका. साइटवर ‘आधी मूळ गेम काढून टाका’ अशी सूचना असते, मुलं ती पाळतात आणि वर्षभराचे लेव्हल एका क्षणात जातात. गेमची प्रगती फक्त फोनमध्ये साठवलेली असेल तर अनइन्स्टॉल केल्यावर ती परत येत नाही. ‘क्लिअर डेटा’ दाबल्यावरही तेच होतं. ‘क्लिअर कॅशे’ने मात्र नुकसान होत नाही, त्यात फक्त तात्पुरत्या फाइल पुसल्या जातात. काहीही काढण्याआधी मूळ गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रगती गुगल किंवा फेसबुक खात्याला जोडलेली आहे का ते पाहा. जोडलेली नसेल तर आधी जोडा. मुलं रडतात ती कॉइनसाठी नाही, गेलेल्या लेव्हलसाठी, हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात घ्यावं.

४. फाइलचा प्रकार आणि अँड्रॉइडची आवृत्ती

ऑगस्ट २०२१पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपसाठी ‘ॲप बंडल’ हा प्रकार सक्तीचा झाला. त्यात एकच मोठी फाइल न येता तुमच्या फोनच्या प्रोसेसरला, भाषेला आणि पडद्याला लागणारे तुकडे येतात. मॉडवाले यातला मुख्य तुकडाच उचलून देतात, मग गेम इन्स्टॉल होतो आणि उघडताच पडतो. किंवा सगळे तुकडे एका वेगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये बांधून देतात आणि ती उघडायला आणखी एक अनोळखी इन्स्टॉलर घ्यायला लावतात. माझ्या मते इथेच थांबावं. अनोळखी गेम बसवण्यासाठी अनोळखी इन्स्टॉलर घेतला की धोका दुप्पट होतो, आणि फोन इन्स्टॉलरमुळे बिघडला की गेममुळे, हेही मग सांगता येत नाही.

जुने मॉड नव्या फोनवर का चालत नाहीत, याची कारणंही ठरलेली आहेत. अँड्रॉइड ११पासून फाइल मॅनेजरना गेमच्या डेटा फोल्डरमध्ये सहज हात घालता येत नाही, त्यामुळे ‘ही फाइल त्या फोल्डरमध्ये टाका’ ही जुनी युक्ती अडते. अँड्रॉइड १४ फार जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली ॲप बसवूच देत नाही. काही नव्या फोनवर जुन्या धाटणीची, ३२ बिटची ॲप चालत नाहीत. यातलं काहीही असेल तर घरी करण्यासारखा उपाय नाही. तासभर खटपट करू नका.

५. कॉइन दिसतात, पण वापरता येत नाहीत

यासाठी साधी चाचणी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गेम उघडा. गेम उघडला आणि खरेदी झाली तर कॉइनचा हिशेब फोनमध्ये आहे. उघडलाच नाही, किंवा इंटरनेट चालू केल्यावर आकडा मूळ पदावर आला, तर हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर आहे. फोनमधली फाइल कितीही बदलली तरी सर्व्हरवरची वही बदलत नाही. पडद्यावर दिसतो तो नुसता आकडा. सर्व्हरवर हिशेब ठेवणाऱ्या गेमचा ‘अनलिमिटेड’ मॉड देतो असं जो म्हणतो, तो बहुतेक वेळा तुम्हाला जाहिराती दाखवून स्वतः कमावतो. ‘आधी सर्वे भरा, मग जेम येतील’ म्हणणाऱ्या ‘जनरेटर’ नावाच्या साइट त्याच पंगतीतल्या.

आकडा उणे होण्याचं कारण गणिती आहे. अनेक गेममध्ये कॉइन ३२ बिटच्या पूर्णांकात साठवतात आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असते. मॉडने रक्कम त्या टोकाशी नेऊन ठेवलेली असते, वर एका गिऱ्हाइकाचे पाच कॉइन पडले की आकडा उलटून उणे होतो. मग दुकानातली प्रत्येक वस्तू ‘पुरेसे कॉइन नाहीत’ म्हणते. त्या साठवलेल्या खेळात हे दुरुस्त होत नाही, नव्याने सुरुवात करावी लागते.

लॉग-इन न होण्याचं मूळ पुन्हा सहीत आहे. गेम बनवणारे आपल्या सहीचा ठसा गुगल आणि फेसबुककडे नोंदवतात. मॉडवरची सही जुळत नाही म्हणून दार उघडत नाही. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही, आणि मॉडने स्वतःचा वेगळा लॉग-इनचा पडदा दाखवला तर त्यात पासवर्ड कधीच टाकू नका. ‘अपडेट करा’ची पाटीही त्यामुळेच हटत नाही, कारण प्ले स्टोअरचं अपडेट दुसऱ्या सहीच्या ॲपवर चढत नाही.

उपाय एकच: मॉड काढा, प्ले स्टोअरवरून मूळ गेम घ्या, जुन्या खात्याने आत या. प्रगती जोडलेली असेल तर ती परत दिसेल. खातं बंद झालं असेल तर गेममधल्या मदत विभागाला खरं काय झालं ते सरळ लिहा. खातं उघडायचं की नाही, हे तेच ठरवतात.

जेमच्या कटकटीलाच कंटाळला असाल तर एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेम बघा. फ्लिपलाइन स्टुडिओचे मोबाइलवरचे ‘पापाज... टू गो’ मालिकेतले गेम तसे आहेत, संगणकावर ‘कुक, सर्व्ह, डिलिशस!’ आहे. त्यात जेम विकत घ्यायची भानगड नाही, म्हणून जेमसाठी अडायची वेळ येत नाही.

६. जाहिराती आणि ‘व्हायरस’च्या सूचना

‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत’ ही सूचना खाली ओढून तिच्यावर दाबून धरा. वर क्रोमचं नाव दिसलं तर काळजी कमी करा. फाइल उतरवताना साइटने ‘सूचना पाठवू का?’ विचारलं आणि कोणीतरी ‘अनुमती द्या’ दाबलं, एवढंच झालंय. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, मग सूचना, आणि तिथल्या अनोळखी साइट बंद करा. सूचना त्याच क्षणी थांबतात. यासाठी कोणी पाचशे रुपये मागत असेल तर देऊ नका.

पडदाभर जाहिरात आली की ती बंद करायची घाई करू नका. अलीकडची ॲप दाखवणारं बटण दाबा. जाहिरात ज्या ॲपने आणली त्याचं नाव किंवा चिन्ह तिथे दिसतं. कधी ते ‘कॅल्क्युलेटर’ असतं, कधी बिननावाचं, कोऱ्या चिन्हाचं. मग सेटिंगमध्ये ‘इतर ॲपवर दिसण्याची’ परवानगी कोणाकोणाला आहे ती यादी बघा आणि ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव बंद करा. सगळ्या ॲपच्या यादीतही शेवटपर्यंत जा, कारण अशी ॲप होम स्क्रीनवरचं आपलं चिन्ह लपवतात.

प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर दाबून प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गुगलची ॲप तपासणारी सोय, उघडा. मॉडच्या साइटवर ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ते बहुधा बंदच सापडतं. चालू करा, स्कॅन करा. काही सापडलं नाही म्हणजे फोन स्वच्छ आहे असं मात्र नाही, त्याला माहीत असलेल्या गोष्टीच ते पकडतं. मग ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणं’ ही परवानगी बघा. अँड्रॉइड ८पासून ती प्रत्येक ॲपला वेगळी असते. क्रोम, व्हॉट्सॲप, फाइल्स, सगळ्यांची काढून घ्या. हे राहिलं तर फोन पंधरा दिवसांत पुन्हा तसाच येतो.

तरी जाहिराती थांबल्या नाहीत तर सेफ मोड. बहुतेक फोनमध्ये पॉवरचा मेनू उघडून ‘पॉवर ऑफ’वर दाबून धरलं की विचारणा येते. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे तिथे जाहिराती थांबल्या तर दोष नक्की टाकलेल्या ॲपमध्ये आहे. तिथूनच संशयित ॲप काढा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे फुकट साफसफाईची साधनं मिळतात, तीही वापरता येतील.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: स्टोअरबाहेरून फुकटच्या ॲपल खात्याने सही करून टाकलेला गेम सात दिवसांनी उघडायचा बंद होतो. तो बिघाड नाही, सहीची मुदत संपलेली असते. कोणी सेटिंगमध्ये ‘प्रोफाइल’ टाकायला लावलं असेल तर ते काढून टाका.

इथे थांबा

सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. तिथे गेमचं किंवा अनोळखी ॲपचं नाव चालू दिसलं तर घरगुती उपाय संपले. ही परवानगी दृष्टी किंवा हालचालीची अडचण असलेल्या लोकांना मदत करणाऱ्या ॲपसाठी आहे. ती मिळालेलं ॲप तुमचा पडदा वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. डोसा वाढायच्या गेमला तिची गरज कधीच नसते. एसएमएस वाचण्याची परवानगी, सूचना वाचण्याची परवानगी, किंवा ॲपला ‘डिव्हाइस ॲडमिन’, म्हणजे फोनवर ताबा देणारी परवानगी, असल्यामुळे फिकट झालेलं अनइन्स्टॉलचं बटण, यातलं काहीही दिसलं आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तरीही थांबा.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून गुगलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, बँकेला फोन करून नेट बँकिंग आणि यूपीआय तात्पुरतं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून बाहेर पडायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते.

मगच दुरुस्तीवाल्याकडे जा. ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असं पहिल्याच वाक्यात म्हणणाऱ्याला थांबवा. त्यात फोटो, संपर्क आणि तक्रारीला लागणारा पुरावा, सगळं पुसलं जातं. आधी व्यवहाराचे संदेश, ॲपची यादी आणि परवानग्यांचे पडदे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा, डाउनलोड केलेल्या फाइलचं नाव लिहून घ्या. तक्रार नोंदवून झाली की फोटो आणि संपर्क तेवढे बाहेर काढा आणि फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा, करायला सांगा. फोनवरच्या गुगल खात्याचा पासवर्ड आठवतोय का ते रीसेटच्या आधी तपासा, नाहीतर चोरीविरोधी कुलूप लागतं आणि फोन सुरू होऊनही वापरता येत नाही. रीसेटनंतर बॅकअपमधून ॲप परत आणताना एपीके फाइल परत घेऊ नका, फक्त प्ले स्टोअरवरची ॲप घ्या.